दुरुस्ती मांडली गेली नाही

मंगळवार, ९ फेब्रुवारी

लागला एकदाचा मुहूर्त! फौजदारी कायद्यांचं विधेयक परवा सभागृहात येणार. ह्यांचा ऑफिसातून फोन आला. "अगं, बारक्या सुटला समज!"

समज! चार वर्षं आम्ही समजतोच आहोत.

नव्या कायद्यात एक गोष्ट खरंच चांगली आहे. ज्याचा खटलाच उभा राहिला नाही आणि जो निम्म्या शिक्षेहून जास्त काळ आत बसलाय, त्याला घरी सोडायचं. पण त्याच्याच खाली मेख मारून ठेवलीय— एकाहून जास्त गुन्हे नोंदलेले असतील तर नाही. बारक्यावर, माझ्या धाकट्या भावावर, दोन आहेत. कारखान्यातला साधा वायरमन. संपाच्या दिवशी पहारेकऱ्याची खोली जळाली आणि आत एक मोटरसायकल होती. खोलीचा एक गुन्हा, मोटरसायकलीचा दुसरा. आग एकच! ती बारक्याने लावली की नाही, हे विचारायला अजून एकाही कोर्टाला सवड झालेली नाही.

ती एक ओळ काढून टाका, एवढीच ह्यांची दुरुस्ती आहे. विरोधी बाकांवरच्या खासदारांनी मांडलेल्या दुरुस्त्यांचं काय होतं ते मला पंधरा वर्षांच्या संसारात पाठ झालंय. पण या वेळी सरकारच्या मित्रपक्षानेच मत द्यायचं कबूल केलंय. "शब्द दिलाय त्यांनी. मोजून बघितलं, पास होते," हे म्हणाले.

आईला सांगितलं नाही. सांगितलं तर ती आजच त्याच्या उशीला खोळ चढवेल.

बुधवार, १०

लॅबमध्ये गर्दी. रक्त काढताना लोक काहीही बोलतात, भीती घालवायला. आज एक आजोबा, दंडाला रबर बांधलेला, मूठ आवळलेली— "तुमच्या यजमानांना सांगा, असल्या गुन्हेगारांना सोडायचं नाही. भर चौकात धरून—" मी सुई घातली. वाक्य तिथेच राहिलं. शीर पहिल्याच खेपेला सापडली होती, हेही लिहून ठेवते. उगाच पाप नको.

घरी हे कपाटाच्या आरशासमोर भाषण म्हणत होते. "अंधारकोठडी म्हणू की नुसतं कोठडी?" म्हटलं, अंधार कुठून आणणार? बारक्याची तर तक्रार आहे की डोक्यावरची ट्यूब रात्रभर चालूच असते. चार वर्षांत त्याने अंधार बघितलेला नाही. हे थबकले. पेन काढून लिहून घेतलं.

माणूस वाईट नाही. लिहून घेतो तरी.

गुरुवार, ११

मी प्रेक्षकांच्या गॅलरीत बसले होते. तिथे कठड्यावर कोपर टेकायचं नाही, टाळी वाजवायची नाही, आपसांत बोलायचं नाही. खाली साडेतीनशे माणसं टेबलं बडवतात, एकमेकांची आई-बहीण काढायची तेवढी बाकी ठेवतात. शिस्त आम्ही पाळायची!

पण हे काय बोलले! ट्यूबचं सांगितलं. "त्या तरुणाने चार वर्षं अंधार पाहिलेला नाही, सभापती महोदय. आणि आपण म्हणतो, न्यायाला उशीर होतो. उशीर व्हायला आधी निघावं तरी लागतं!" समोर मंत्र्यानेही हातातला फोन खाली ठेवला. माझे डोळे वाहत होते, नाक ओढायचीसुद्धा चोरी.

फक्त एकच टोचलं. "माझ्या परिचयातला एक तरुण." परिचयातला! सख्खा मेव्हणा म्हणाले असते तर जीभ झडली असती का? घरी विचारलं. म्हणाले, "मग लोक म्हणतील, स्वतःच्या घरासाठी करतोय." बरं. तेही खरंच असेल.

उद्या मतदान.

शुक्रवार, १२

गेलं! हाताशी आलेलं गेलं!

मंत्री उत्तराला उभा राहिला आणि ह्यांच्या नेत्याकडे बोट करून म्हणाला, "स्वतः जामिनावर फिरणाऱ्यांनी आम्हाला न्याय शिकवू नये." झालं. सगळे विरोधक उठले. घोषणा, कागद भिरकावणं, आणि चालले बाहेर. सभात्याग! हेही चालले. मला वाटलं, दारापाशी जातील आणि परत येतील. आपली दुरुस्ती आहे, येतीलच.

सभापती कलमं वाचत सुटले, अगदी पत्त्यांची पानं टाकावीत तसे. आमचं कलम आलं. ह्यांचं नाव पुकारलं. रिकाम्या बाकाकडे बघितलं. पुन्हा पुकारलं. "सदस्य उपस्थित नाहीत. दुरुस्ती मांडली गेली नाही." पान उलटलं.

पडली नाही, हरली नाही— मांडलीच नाही! मांडणाराच जागेवर नसला की ती आपोआप रद्द. जेवणानंतर सरकारची बाकंही अर्धी रिकामी होती; मित्रपक्षाची माणसं मात्र तिथे बसलेली होती, मत द्यायला तयार. त्यांना कुणी विचारलंच नाही. मी उभी राहिले होते, हे मला पहारेकरीण बाईने खांदा दाबला तेव्हा कळलं. "बसा बाई. नाहीतर बाहेर काढावं लागेल."

पुढे कायदा मंजूर. त्या ओळीसकट.

खाली पायऱ्यांवर हे कॅमेऱ्यांसमोर मूठ उगारून उभे. लोकशाहीचा खून, म्हणे. खून कुणाचा ते मला विचारा!

घरी आल्या आल्या विचारलं, "का उठलात?"

"पक्षाचा आदेश."

"पाच मिनिटं बसला असतात तर?"

"नेत्याचा एवढा अपमान झाल्यावर एकट्याने बसून राहायचं? पुढच्या वेळी तिकीट कोण देईल मला? तुझा भाऊ?"

मग स्वतःच खुर्चीत कोसळले. टेबलावर डोकं ठेवून रडले, हमसाहमशी. "त्या मंत्र्याने असं बोलायलाच नको होतं गं. सगळं नीट होणार होतं." काय करणार? पाठीवरून हात फिरवला. आपलेच दात, आपलेच ओठ.

शनिवार, १३

पेपरात पहिल्या पानावर ह्यांचा फोटो. "न्यायासाठी रस्त्यावर." रस्ता कसला, संगमरवरी पायरी आहे ती!

सोमवार, १५

भेटीचा दिवस. काचेपलीकडे बारक्या आला आणि मी ओळखलंच नाही. दाढी सफाचट. केस बारीक. नवरदेवासारखा हसत होता.

"ताई, भाऊजींचं भाषण टीव्हीवर बघितलं! ट्यूबचं सांगितलं ना त्यांनी? सगळी बराक टाळ्या वाजवत होती. पहाऱ्यावरचा जमादारसुद्धा! दुसऱ्या दिवशी बातम्यांत सांगितलं, कायदा झाला पास."

झाला ना. पास झाला.

"इथे दोन-दोन गुन्हेवाले खूप आहेत गं. सगळे माझ्याभोवती. भाऊजी देवमाणूस म्हणतात. मी माझी घोंगडी शेजारच्याला देऊन टाकली, त्याला थंडी फार वाजते. आता मला काय करायचीय? कधीपर्यंत होईल?"

फोनचा रिसीव्हर या कानावरून त्या कानावर घेतला. मी म्हणाले, "सह्या व्हायच्यात अजून." चार वर्षांत त्याच्याशी पहिल्यांदा खोटं बोलले. तो मान हलवत राहिला. "होऊ देत, होऊ देत. भाऊजींना म्हणावं, घाई नको."

जाताना त्याने काचेवर हात टेकला. मला तिथे हात लावायची लाज वाटली.

बाहेर बसस्टॉपवर खूप वेळ बसून होते. दोन बस सोडल्या. त्याला थंडी वाजत असेल आता.

मंगळवार, १६

ह्यांना सगळं सांगितलं. घोंगडीचंही. हातातला घास ताटात ठेवला आणि उठले. पुढच्या अधिवेशनात स्वतःचं वेगळं विधेयक आणतो म्हणाले. असली विधेयकं कुठे जातात ते मला माहीत आहे, त्यांनाही.

पण राग तरी किती धरायचा? भडकून उठला माणूस. दहा जण उठले की अकरावा उठतोच. लॅबमध्ये मी नाही का कधी चुकीच्या नळीवर चुकीचं नाव चिकटवलं? चूक वेगळी आणि दगा वेगळा. असं मनाला घोकून सांगते आहे. थोडं थोडं पटतंय.

रविवारी ह्यांचा सत्कार आहे. वकिलांच्या संघटनेने ठेवलाय, त्याच भाषणासाठी. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं! "तू आलीस तर बरं वाटेल," म्हणाले. येते म्हटलं.

रविवार, २१

हे आईच्या घरी बसून लिहितेय.

सत्काराला निघाले होते. हे आधीच पुढे गेले होते, मला न्यायला गाडी परत आली. ड्रायव्हर भलताच खुशीत. "मॅडम, साहेबांचं काम म्हणजे एकदम पक्कं बरं का! त्या शुक्रवारी संसदेपाशी उतरतानाच मला म्हणाले, दुपारी गाडी मागच्या दाराला लावू नकोस, पुढच्या पायऱ्यांशी आण. आज आम्ही सगळे उठून बाहेर पडणार आहोत. आणि पडले की हो!"

मी विचारलं, "उतरताना? म्हणजे सकाळी?"

"सकाळीच, मॅडम. माझा चहासुद्धा व्हायचा होता."

मंत्री बोलला जेवणानंतर.

गाडी थांबवायला लावली आणि उतरले. आई पाणी घेऊन आलीय, विचारतेय, "एकटीच? जावईबापू कुठे राहिले?" आता तिला सांगायचं. उद्या भेटीच्या दिवशी बारक्याला. काय झालं एवढंच नाही. कुणी केलं, तेही.