हार्ड डिस्कमधला तुमचा आवाज

बाबा, गणेशचवथीच्या दुसऱ्या दिवसापासून आपल्या घरचा कॉम्प्युटर टक् टक् करायला लागला, आणि मी तुमच्या हत्यारांच्या पेटीतला लांब स्क्रूड्रायव्हर शोधून काढला. पेटी अजून मागच्या पडवीतच आहे. तुम्ही जाऊन अठरा वर्षं झाली, पण तिच्यावर दुसरं काही ठेवायला आई देत नाही. स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीवर तुमच्या अंगठ्याची जागा झिजलेली आहे, तिथे माझा अंगठा सैल बसतो. टोक मी कॅबिनेटच्या पत्र्याला हलकेच टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले. डिचोलीच्या वर्कशॉपमध्ये खनिजाच्या ट्रकांची इंजिनं तुम्ही अशीच ऐकायचात. कानाने बाहेरचा गोंगाटही ऐकू येतो, हाडाने फक्त यंत्र ऐकू येतं, असं तुम्ही म्हणायचात. मला ऐकू आलं. टक्, टक्, टक्, मग गप्प. मग बारीक घुरघुर आणि पुन्हा टक्. हार्ड डिस्कच्या आत तबकडी फिरते आणि तिच्यावरून एक बारीक हात फिरत मजकूर वाचतो. त्या हाताला वाट सापडेनाशी झाली की तो मागे जातो, पुन्हा निघतो, पुन्हा चुकतो. तोच हा टक्.

दोष माझा आणि आईचा. गणपती बाहेरच्या खोलीत बसतो आणि त्याच्या डोक्यावर फळापानांची माटोळी बांधायची म्हणून दर वर्षी कॉम्प्युटरचं मेज कोपऱ्यात सरकतं, हे तुम्हाला माहीत आहे, ती पद्धत तुमचीच. हल्ली आरत्यांची रेकॉर्ड त्याच्यावरच लावतो. यंदा आरती चालू असतानाच मी एका बाजूने आणि आईने दुसऱ्या बाजूने मेज ओढलं, कारण देवाची लावलेली आरती मध्येच तोडायची नाही. मेजाचा पाय फरशीच्या खाचेत अडकला, कॅबिनेट दाणकन आदळलं, आणि आरती मात्र न अडखळता पुढे चालू राहिली. आई म्हणाली, देवाचीच कृपा. मी देवाधर्माबद्दल जाहीर सभेत जे बोलते ते तुम्हाला ठाऊक आहे, तरी त्या वेळी मीही मान हलवली. चालत्या इंजिनाखाली जॅक हलवायचा नाही, ही तुमच्या वर्कशॉपची पहिली शिकवण. ती देवाच्या खोलीत लागू होते हे आम्हा दोघींच्या डोक्यात आलं नाही.

त्या कॉम्प्युटरमधलं बाकी सगळं या वर्षांत बदललं. पडदा बदलला, कॅबिनेट बदललं, नवी डिस्कही आली, पण जुनी मी काढू दिली नाही. तिच्यावर तुमचा आवाज आहे. तुमचे फोटो आहेत, लग्नातले, जत्रेतले, वर्कशॉपच्या दारातले, पण तुमचा आवाज जगात फक्त तेवढ्या एका फाइलमध्ये आहे. निवृत्तीनंतरच्या त्या वर्षी रविवारी सकाळी वर्कशॉपचे लोक पाव-भाजी घेऊन यायचे आणि तुम्हाला इंजिनाचे आजार विचारायचे. तुम्ही तोंडाने आवाज काढून दाखवायचात. बेअरिंग गेलं तर असा, इंजेक्टर चोंदला तर असा, पिस्टन सैल झाला तर असा. आई स्वयंपाकघरातून म्हणायची की घरात माणसं किती आणि ट्रक किती ते कळेनासं झालंय. खोकला वाढला होता तुमचा. म्हणून मी मायक्रोफोन आणला आणि म्हटलं, एकदा सगळे आवाज भरून ठेवू या. एका दुपारी आपण दोघं मेजापाशी बसलो. फाइलला नाव दिलं ‘बाबा’. त्यानंतर अडीच महिन्यांनी तुम्ही गेलात.

ती फाइल मी एकदाही ऐकली नव्हती. पहिली काही वर्षं धीर झाला नाही, नंतर ती आहे एवढंच पुरेसं वाटायला लागलं. तिची दुसरी प्रतही काढली नाही. आणि हीच मी, बाबा, पेडण्यापासून वाळपईपर्यंत शाळांमधून, वाचनालयांमधून टेबलावर हात आपटून सांगते की आपल्या माणसांचे कागद जपा, आवाज जपा, ज्या समाजाला आपल्या बापजाद्यांचा शब्द राखता येत नाही त्याने हक्कांच्या गोष्टी करू नयेत. टाळ्या पडतात. त्या टाळ्यांचा मला काही उपयोग झाला नाही.

टक् टक् ऐकल्यावर मी काय करावं? मी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. डिस्क दिसली नाही. पुन्हा चालू केला. दिसली, फोल्डर उघडायला गेले तर सगळं गोठलं. केबल काढून घट्ट बसवली, पुन्हा चालू. दुसरी केबल लावली, पुन्हा चालू. मग कॉम्प्युटरने आपणहून विचारलं की डिस्क तपासून दुरुस्त करू का, आणि मी हो म्हटलं. संबंध दुपारभर तो बिचारा आंधळा हात त्या तबकडीवरून चाचपडत राहिला आणि मी शेजारी बसून टक्के मोजत राहिले. संध्याकाळी लक्षात आलं की मी अगदी त्या घाटातल्या ड्रायव्हरसारखी वागले.

तुम्हाला तो आठवतो का? मला सुट्टी होती, तुमचा डबा घेऊन मी वर्कशॉपमध्ये आले होते आणि तुम्ही मला जीपमध्ये पुढे बसवून नेलं. चढावर खनिजाने भरलेला ट्रक बंद पडला होता. ड्रायव्हर सावंतवाडीकडचा, तुमच्याच गावाकडचा, घामाघूम होऊन किल्ली फिरवत होता. इंजिन खोकायचं, थांबायचं, तो पुन्हा फिरवायचा. तुम्ही ओरडला नाहीत. तुम्ही कधीच ओरडायचा नाहीत, मी कोणावर गेले देव जाणे. तुम्ही खिडकीतून हात घालून त्याचा हात किल्लीवरून बाजूला केलात आणि म्हणालात, “पयला बंद कर. मगे आयक. दर खेपेक चालू करतंस, दर खेपेक ता थोडा थोडा मरता.” मग बॉनेट उघडून तुम्ही तो स्क्रूड्रायव्हर कानामागे लावलात आणि एकदाच, फक्त एकदाच, चालू करायला सांगितलंत. रस्त्यावर लाल धूळ उडत होती, मागे ट्रकांची रांग लागली होती, सगळे हॉर्न मारत होते, आणि तुम्ही डोळे मिटून उभे. इतका शांत माणूस मी त्यानंतर पाहिला नाही.

म्हणून मी डिस्क काढली, टॉवेलात गुंडाळली आणि डिचोलीच्या बाजारात गेले. तिथे एक मुलगी दुरुस्तीचं दुकान चालवते, धारगळची आहे, लग्न होऊन इकडे आलेली. तिने डिस्क हातात घेऊन पहिला प्रश्न विचारला तो असा की मॅडम, किती वेळा चालू केलंत. मी म्हटलं, आठ-दहा वेळा. दुरुस्ती चालवली तेही सांगितलं. तिने माझ्याकडे असं बघितलं की मला तुमची आठवण झाली. मी तिला समजावू लागले की हे किती मोलाचं आहे, एका कामगाराचा आवाज म्हणजे काय असतो. तिने माझी भाषणं ऐकलेली असावीत. डिस्कवरची नजर न काढता ती म्हणाली, “मॅडम, हेका मोठ्यान बोलून काय उपेग नाय. बसा.”

मी बसले. तिने डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला नुसती वाचण्यापुरती जोडली, तिच्यावर काहीही लिहिलं जाणार नाही अशी. मग विचारलं की सगळं मिळेल असं धरू नका, एकच वस्तू हवी असेल तर कुठली. मी म्हटलं, ‘बाबा’. ती म्हणाली, मग आधी तेवढीच काढू, बाकीचं नंतर, जीव उरला तर. डिस्क थोडी वाचायची, तापायची, ती थांबवायची, थंड होऊ द्यायची, पुन्हा थोडी वाचायची. दोन तास मी एक शब्द न बोलता त्या स्टुलावर बसले होते. इतका वेळ गप्प मी शेवटची कधी बसले होते ते आठवायचा प्रयत्न केला, आणि तुमच्याकडून खाल्लेली ती एकुलती एक बोलणी आठवली.

पंचवीस वर्षांची होते मी. बाजारातल्या सभेत खाणींवर बोलले होते, शेतात उतरणाऱ्या लाल चिखलावर, आटलेल्या विहिरींवर, फुफ्फुसातल्या धुळीवर. ज्या खाणीच्या जिवावर मी शिकले तिच्यावर. आणि सर्वांत मागे कामाचे कपडे घालून तुम्ही उभे. जे बोलले त्यातला एक शब्दही मी आज मागे घेणार नाही. घरी येताना मला वाटलं, आज भांडण होणार. आई उंडे पाव गरम करत होती, तुम्ही न्हाऊन आलात, मेजाशी बसलात, चहात उंडा बुडवून खाल्लात आणि मग म्हणालात, “बोललंस ता सगळा खरा. पण मागची ती बाई तुका काय इचारी होती, ता आयकलंस?” मला बाई आठवत होती. भाषणात मध्येच उठून काहीतरी विचारू लागली होती, आणि मी आवाज चढवून पुढे गेले होते, लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. तुम्ही सांगितलंत की तिच्या विहिरीचं पाणी आटलं होतं आणि अर्ज कुठल्या कचेरीत द्यायचा एवढंच तिला हवं होतं. सभा संपल्यावर तुम्ही तिला मामलेदाराच्या कचेरीचा रस्ता दाखवून आला होतात. खाणीच्या वर्कशॉपचा मेकॅनिक, खाणीविरुद्धचा अर्ज द्यायला. मला तेव्हा फक्त राग आला होता. आज वाटतं, त्या दिवशी खाणीविरुद्ध जे एकच काम झालं ते तुम्ही केलंत.

दोन तासांनी दुकानातली मुलगी म्हणाली, मिळाली, पण सगळी नाही. सुरुवातीचा बराच भाग आला होता. पुढे तबकडीचा थर खरवडून गेला होता, तिथे आता कोणी काही करू शकणार नव्हतं. पहिल्या दणक्यानेच गेला असेल का, असं मी विचारलं. तिला खोटं बोलता आलं असतं. ती म्हणाली, “पयल्या मारान वाट चुकला आसात. खरवडला ता मागसून, परत परत चालू केल्यार.”

घरी येऊन आईला शेजारी बसवून मी फाइल लावली. सुरुवातीला खुर्ची सरकल्याचा आवाज. मग माझा आवाज. ही फाइल कशासाठी, हे मी सांगते आहे. मग कामगाराचं ज्ञान कसं कागदावर येत नाही, ते सांगते आहे. मग यंत्र, मालक, इतिहास. मध्येच तुमचा खोकला, आणि मी थांबत नाही. एकदा तुम्ही “बरा” म्हणता. एकदा भांड्यातून पाणी पिता. नऊ मिनिटं, बाबा. नऊ मिनिटं मी बोलते आहे. आई पदर तोंडाला लावून हसायला लागली आणि म्हणाली, “तेंका तू बोलूक कधी दिलंस गो?” आणि तेवढ्यात तुमचा आवाज आला, अगदी जवळून, हसरा, “झाला तुझा बोलून? आता मी बोलू?” मग तुम्ही घसा साफ केलात. जिभेने दोनदा टक् टक् केलंत, अगदी त्या डिस्कसारखं, आणि म्हणालात, “हो आवाज इलो म्हणजे,” आणि फाइल संपली.

आईने ती तीनदा लावायला लावली. तिला तेवढं पुरलं. ती म्हणाली, पुढचं काय होतं ते तुला माहीतच असेल, तू तर समोर बसली होतीस, सांग की. मी तिला सांगितलं. बेअरिंगचं सांगितलं, इंजेक्टरचं सांगितलं, रविवारी पडवीत बसून जे कानावर पडलं होतं ते जुळवून सांगितलं, आणि तिने समाधानाने मान हलवली. आता तुमची फाइल चार ठिकाणी ठेवली आहे, आणि हे पत्र मी त्याच फोल्डरमध्ये ठेवणार आहे, कारण ते दुसरीकडे कुठे धाडायची सोय नाही.

आईला जे सांगितलं ते खरं नव्हतं. त्या दुपारी तुमच्या समोर मी होते हे खरं. पण दुसऱ्या दिवशी वाळपईला माझं भाषण होतं, आणि तुम्ही बोलायला लागलात तेव्हा मी मांडीवर वही घेऊन त्याचे मुद्दे लिहीत होते. मशीन ऐकतंय, असं मला वाटलं होतं.