टिप्याची भाकरी

पिंपळगाव बसवंत
१२ जानेवारी २०२५

चि. मंजूस आईचे अ. उ. आ.

इकडे सगळे ठीक. तू वेळेवर जेवतेस ना? नाना फोनवर येत नाहीत, ते मनाला लावून घेऊ नकोस. घरातली पहिली ग्रॅज्युएट पोरगी बँकेत लागणार, असं त्यांनी गावभर सांगून ठेवलं होतं. आणि तू दिवाळीत समोर बसून सांगितलंस, की परीक्षा सोडली, कुत्र्यांना शिकवायचं काम शिकते. ते त्यांना लय लागलंय.

काल द्राक्षं बघायला व्यापारी आला. फाटक वाजलं तशी मी नेहमीसारखी भाकरी घेऊन पळाले, तरी टिप्यानं त्याच्या पँटीला दात लावलेच. बाग न बघताच गेला तो. नाना म्हणाले, याला आता घोटीच्या पुढे घाटात सोडून येतो. मी म्हटलं, आधी मंजूला विचारू. तर म्हणाले, विचार. बाग निघेपर्यंत टिप्या शहाणा झाला, तर तिनं खुशाल तेच काम करावं. नाहीतर घरी यायचं आणि परीक्षेला बसायचं. मी तुझ्या वतीनं हो म्हणून बसले. आता तूच सांभाळ.

तुझी आई


नाशिक
१६ जानेवारी २०२५

ती. नानांस मंजूचा सा. न. वि. वि.

फोन तुम्ही आईकडे देता, पत्र तरी हातात घ्याल म्हणून लिहिते.

टिप्याला शिकवायला मीच येणार होते. पण मला शिकवणारे सरफराजसर म्हणाले, तुझं ऐकेल आणि तू परत फिरलीस की पुन्हा तसाच वागेल. तो ज्यांच्याजवळ राहतो त्यांनीच शिकवायला हवं.

चूक मला आईच्या पत्रातच सापडली. शेवटची भाकरी कुत्र्याची, ही आपली रीत चांगलीच आहे. पण आई ती फाटक वाजल्यावर देते, त्यानं गप्प राहावं म्हणून. टिप्याला वाटतं, माणसावर धावून गेलं की भाकरी मिळते. हे आपणच त्याला शिकवलंय.

बागेत कामाला असतात त्या वाळूकाकांना फाटक वाजवायला सांगा आणि टिप्याला दोरीनं धरा. भुंकला तर काही द्यायचं नाही. गप्प होऊन बसला, की शाब्बास म्हणायचं आणि तुकडा द्यायचा. शाब्बास लगेच म्हणायचं. उशीर झाला तर कशाबद्दल ते त्याला कळत नाही.

आणि मारू नका, नाना. भ्यालेलं कुत्रं शहाणं दिसतं, पण असत नाही.

टिप्यावर माया असू द्या. उरली तर माझ्यावर.

मंजू


पिंपळगाव बसवंत
३० जानेवारी २०२५

चि. मंजूस आईचे अ. उ. आ.

पहिल्या दिवशी नाना शाब्बास म्हणायलाच लाजले. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले. वाळू तर वैतागलाय. म्हणतो, बागेत काम द्या मालक, घंटा बडवायला हे काय देऊळ हाय? आता दिवसभर शाब्बास चालू असतं. माझ्या स्वयंपाकाला लग्न झाल्यापासून कधी म्हटले नाहीत.

परवा माझंच चुकलं. पाहुणे आले आणि सवयीनं हात भाकरीकडे गेला. टिप्या धावला. नाना टिप्याला काही बोलले नाहीत, मलाच म्हणाले, "तिनं काय लिहिलंय?"

सोमवारी तोच व्यापारी पुन्हा येतोय. मला धास्ती वाटते.

तुझी आई


पिंपळगाव बसवंत
४ फेब्रुवारी २०२५

चि. मंजूस नानाचे आशीर्वाद.

मला पत्राची सवय नाय. व्यापारी आला, लांबच उभा राहिला. वाळूनं फाटक उघडलं. टिप्या उठला, एकदा भुंकला, माझ्याकडं बघितलं आणि बसला. एकदा भुंकलेलं चालतं का, ते कळव. बागेचा सौदा झाला. व्यापाऱ्यानं विचारलं, कोणी शिकवलं. मी म्हटलं, आमच्या पोरीनं, नाशिकहून. तू तिकडंच राहा, तेच काम कर.

एक राहिलं. शाब्बास लगेच म्हणायचं, उशीर झाला तर कशाबद्दल ते कळत नाही, असं तू लिहिलंस. मला उशीर झालाय, म्हणून कशाबद्दल ते लिहितो. परीक्षा सोडल्याचं तू लपवलं असतं, तर आम्हाला कळलं नसतं. तू समोर बसून सांगितलंस. त्याबद्दल.

शाब्बास.

नाना