तळघरातल्या यंत्राला उत्तर कोण देणार

मी, हेडविग लुंडमार्क, वय अठ्ठ्याहत्तर, संगणकशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, राहणार नोर्रवीक, पूर्ण शुद्धीत आणि कोणाचाही दाब नसताना माझ्या पश्चात काय व्हावे ते येथे लिहून ठेवते. हृदय केव्हाही दगा देईल असे डॉक्टरांनी सांगितले आहे. डोके शाबूत असल्याचा दाखलाही त्यांनीच दिला. पूर्वी कोणाला तोंडी काही देऊ केले असेल तर ते रद्द समजावे.

कलम १. चर्चमागचे माझे राहते घर व बँकेतील शिल्लक भाची आल्वा हिला मिळावी. आल्वा, घर विकलेस तरी माझी हरकत नाही. फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीला खांदा लावल्याशिवाय ती उघडत नाही, हे घेणाऱ्याला आधी सांग.

कलम २. बेटावरचे उन्हाळी घरही तिलाच. जुलै महिन्यात विद्यापीठातले आमचे सारे खाते ओस पडते. जो तो आपापल्या बेटावर मासे धूर देऊन खात बसलेला असतो. माझा विद्यार्थी तोर्केल गेल्यापासून मी एकही जुलै तिथे काढला नाही. वाफस्नानाच्या सौनाचे छप्पर गळते आणि मागे अंगाला झोंबणाऱ्या नेटलचे रान माजले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

कलम ३. माझा हातोडा संगणकशास्त्र खात्याला द्यावा. आमच्याकडे प्रबंध पूर्ण झाला की जाहीर परीक्षेच्या आधी त्याची एक प्रत विद्यापीठाच्या लाकडी फळ्यावर खिळ्याने ठोकतात, म्हणजे कोणालाही वाचून हरकत घेता यावी. परीक्षा पार पडली की ती उतरवतात. तोर्केल निएमी याने आपला प्रबंध याच हातोड्याने ठोकला. पहिला घाव बोटावर बसला तेव्हा मी पोट धरून हसले. ते दिवस एप्रिलचे, बर्फ पातळ होण्याचे होते. परीक्षेच्या आधीच तो समुद्राच्या बर्फावर स्केटिंग करायला गेला आणि बर्फ फुटला. समुद्राने त्याला परत दिले नाही.

परीक्षाच झाली नाही तर प्रबंध उतरवायचा कसा? मी उतरवू दिला नाही. तो अजून तिथेच आहे.

कलम ४. प्राध्यापक स्टाफान एकेरोट यांना माझ्या कपाटातील निळी बशी द्यावी, रिकामी. आमच्यात कॉफीच्या वेळी ताटलीतला शेवटचा बन कोणी उचलत नाही. अर्धा करतात, पाव करतात, पण संपवत नाहीत. या गृहस्थांनी तो तीस वर्षे निःसंकोच उचलला. तेही मी गिळले असते. पण तोर्केलला जाऊन वर्षही झाले नव्हते आणि ते सर्वांदेखत म्हणाले, "हेडविग, तो फळा आहे, थडगं नव्हे. काढ की आता तो प्रबंध." मी त्यांना क्षमा केलेली नाही, आणि मरताना करायचा विचारही नाही.

कलम ५. आता मुख्य गोष्ट. यासाठीच हे मृत्युपत्र.

खात्याच्या तळघरातल्या खोलीत तोर्केलचे यंत्र चालू आहे. एका गणिती विधानाची सिद्धता शोधणारा प्रोग्राम त्याने त्यावर सोडला होता. यंत्राचे भाग मी पुन्हा पुन्हा बदलले, पण प्रोग्राम त्याचाच आहे, एका अक्षरालाही मी हात लावलेला नाही. दर सकाळी तो पडद्यावर विचारतो, "कोणी आहे का?" 'आहे' म्हटले की पुढे चालतो. 'नाही' म्हटले की सापडलेले सारे छापून कायमचा थांबतो. सुट्टीवर जाताना आपण 'नाही' म्हणू, मग कागद बेटावर नेऊन वाचू, असे आमचे ठरले होते.

रोज सकाळी मी जाऊन 'आहे' म्हणते. जुलैतसुद्धा.

आमच्या उत्तरेकडे हो म्हणायला शब्द लागत नाही. झटकन श्वास आत ओढला की होकार झाला. तोर्केल तसाच हो म्हणायचा. मी 'आहे' लिहिते आणि माझ्या खुर्चीमागे तो श्वास येतो. पंख्याचा आवाज असेल, असे मला सांगण्यात आले आहे. पंखे मी स्वतः बसवले. त्यांचा आवाज मी ओळखते.

खात्याची प्रमुख मिकाएला शोदिन हिला ती खोली कॉफीयंत्रासाठी हवी आहे. ती माझ्याच हाताखाली शिकली, म्हणून तोंड वर करून बोलते. "अगं हेडविग, एकदाच 'नाही' म्हण की! पोराचं काम हातात येईल तुझ्या."

"आणि तोही जाईल," मी म्हटले.

तोर्केल मला मुलासारखा होता असे लोक म्हणतात. मला मूल नाही, तेव्हा तसा होता की नाही ते मी सांगू शकत नाही. मला त्याला गमावायचे नव्हते, एवढे सांगू शकते.

सबब माझ्या पश्चात मिकाएलाने रोज सकाळी यंत्राला उत्तर द्यावे.

पुरवणी. कलम ५ मधील शेवटचे वाक्य रद्द समजावे. ते मी मिकाएलाला वाचून दाखवले. मला वाटले, हसेल. ती म्हणाली, "देईन गं मी उत्तर, तुझ्यासाठी देईन. पण मी त्याला कधी पाहिलंही नाही. माझ्या 'आहे'चं तो काय करील?"

आज सकाळी मी एकटीच तळघरात गेले आणि 'नाही' लिहिले.

सिद्धता छापून आली. पूर्ण आहे, सुंदर आहे. खाली ती सापडल्याची तारीख आहे: तोर्केल गेला त्याच वर्षीचा नोव्हेंबर. काम झाल्याचे सांगायची सोय पोराने ठेवलीच नव्हती. त्या पहिल्या हिवाळ्यानंतर यंत्राने काहीही शोधलेले नाही. इतकी वर्षे ते फक्त विचारत होते, कोणी आहे का.

सिद्धता तोर्केल निएमी या एकट्याच्या नावाने प्रसिद्ध करावी. तिची एक प्रत फळ्यावर ठोकावी, ज्याला हरकत घ्यायची त्याने घ्यावी, आणि मग ती प्रत व जुना प्रबंध दोन्ही सन्मानाने उतरवावीत. खोली मिकाएलाने खुशाल कॉफीला घ्यावी.

'नाही' लिहिल्यावर मी बराच वेळ खुर्चीत बसून राहिले. पंखे थांबले. मागे श्वास आला नाही. तोर्केल गेल्यानंतर त्या खोलीत आज प्रथमच मी एकटी होते.

वरील मजकूर मी वाचला आहे व तो माझाच आहे.

हेडविग लुंडमार्क (सही)

आम्ही दोघे एकाच वेळी हजर असताना हेडविग लुंडमार्क यांनी स्वेच्छेने सही केली.

साक्षीदार:
१. मिकाएला शोदिन (सही)
२. इंग्वे रास्क, शेजारी (सही)

स्थळ: नोर्रवीक
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२३