सर्वांत दूरचं यान

मंगळवार, ४ फेब्रुवारी

पुन्हा प्रकाशलाच आधी!

संध्याकाळी आमचे मेव्हणेबुवा प्रकाश पोह्यांच्या बशीवरून म्हणाले, ‘भावोजी, बधाई हो! मुक्ताच्या स्फोटाची जागा सापडली!’ मुलगी माझी. बंगळूरला राहून आकाशातल्या गॅमा किरणांच्या क्षणिक झोतांचा उगम शोधते. बातमी मामाला रविवारी, आईला, म्हणजे मीनाला, काल आणि जन्मदात्याला आज — तीही मामाच्या तोंडून.

‘मला ठाऊक होतं,’ असं मी म्हणालो. मीनानं माझ्याकडे पाहिलं आणि चहा गाळायला घेतला.

बुधवार, ५ फेब्रुवारी

प्रकाश भौतिकशास्त्राचा प्राध्यापक. न विचारता समजावतो. टेबलावर तीन वाट्या मांडल्या — झोत टिपणारं एक यान पृथ्वीजवळ, एक मंगळाकडे, एक सूर्याच्या बाजूला. झोत ज्या बाजूनं येतो तिथल्या यानाला आधी लागतो, इतरांना नंतर. वेळांच्या फरकावरून दिशा काढायची. दोन यानांवरून आकाशात एक कडं मिळतं. तिसऱ्यामुळे दुसरं कडं, आणि दोन्ही छेदतात त्या दोन ठिकाणांपैकी एक ती जागा.

‘सर्वांत उशिरा कळतं त्या यानाचा उपयोग काय?’ मी विचारलं.

‘क्या बात करते हो, भावोजी! ते दूर आहे म्हणून तर जागा नेमकी निघते!’

सांत्वन होतं की टोमणा, ठरवता आलं नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

रविवार, सोमवार, मंगळवार. एवढ्या फरकावरून दिशा बी.कॉम. झालेल्यालाही काढता येते. मुक्ता प्रकाशच्या बाजूला आहे.

पाढे मी शिकवले. मामानं फक्त दुर्बीण दाखवली!

रविवार, ९ फेब्रुवारी

फ्रीगंजच्या बाजारात प्रकाश भेटला. राहवलं नाही. विचारलंच — ‘तुलाच आधी का?’

तो हसायचा थांबला. ‘बुरा मत मानना, भावोजी. ती माझ्यावर तालीम करते. मग ताईवर. मग तुम्हाला सांगायचं. म्हणते, बाबा मध्येच टोकतात. शब्द नीट वापर, आकडा पुन्हा सांग... एक वाक्य धड पुरं —’

‘टोकतात नव्हे. दुरुस्त करतात,’ मी म्हणालो.

‘बस! हेच!’

सोमवार, १० फेब्रुवारी

टोकणं आणि दुरुस्त करणं यांत फरक आहे. मीनाला सांगितलं. तिनं मान हलवली — होकारार्थी नव्हे.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

मुक्ताचा फोन — मला! आवाज बसलेला. त्यांनी जाहीर केलेली जागा चुकली आहे. कुठल्यातरी यानाची वेळ चुकीची धरली गेली. कुठली, ते सापडत नाही.

‘मामाला विचारलंस?’

‘नाही. आईलाही सांगितलं नाही. बाबा, मी सगळ्या वेळा वाचून दाखवते — तुम्ही टोका.’