दोनशेवरचा काटा

३ मार्च
मुलगी परीक्षेसाठी वसतिगृहावर गेली. तिची हवेची बंदूक माझ्या ताब्यात. बावीस तारखेला निवड चाचणी, साठ गोळ्या. क्लबातला हवा भरायचा कॉम्प्रेसर बिघडलाय, महिनाभर तरी बंद. म्हणजे सिलिंडरमध्ये आहे तेवढ्याच हवेवर भागवायचं. सिलिंडरवरचा हवेच्या दाबाचा काटा दोनशेवर आहे, म्हणजे पूर्ण भरलेला. "बाबा, कपाटात ठेवा आणि विसरून जा. महिनोन्‌महिने टिकते," म्हणाली.
विसरणं मला जमतं. रोज पहाटे नामस्मरण करणाऱ्याचं मन स्थिर असतं. आमचे शाळेतले मास्तर सांगायचे, पेरलेलं बी उकरून बघू नये.

४ मार्च
विसरलो.
दुपारी ऑफिसातून हिला फोन करून विचारलं, कपाटातून काही आवाज येतोय का. ही म्हणाली, बंदूक आहे, तान्हं बाळ नाही.

५ मार्च, संध्याकाळी ६
एकदा खात्री केली की विसरणं सोपं जातं. काटा दोनशेवरच. पण काटाच अडकला असेल तर? सिलिंडर फिरवून काढला, साबणाच्या पाण्यात बुडवला. एकही बुडबुडा नाही. समाधान झालं.
फक्त काढताना फुस्स झालं.

६ मार्च
जपात मन लागेना. माळ दोनदा पहिल्यापासून सुरू केली, दोन्ही वेळा मध्येच ते फुस्स. पुन्हा काढून पाहिला. पुन्हा फुस्स. म्हणजे गळती आहे. मला पहिल्या दिवसापासून संशय होताच.

९ मार्च
आजपासून सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. जास्त नाही. माणसाला शिस्त हवी. काटा एकशे ऐंशी.

१३ मार्च
एकशे पन्नास. तिला नेमबाजी शिकवणाऱ्या सरांना फोन केला. उघडताय का, असं त्यांनी विचारलं. उघडत नाही, फक्त तपासतो, असं खरं ते सांगितलं. हात लावू नका म्हणाले. सर वयाने लहान आहेत. अनुभव कमी.

१६ मार्च
उकाड्याने असेल म्हणून बंदूक पलंगाखाली गार फरशीवर ठेवली. खाली वाकून वाकून कंबर धरली. पुन्हा कपाटात. ही म्हणाली, तुमचेच हात कुलपात ठेवा.

१९ मार्च
गोळी न घालता एक बार काढून पाहिला. आवाज खणखणीत. खात्रीसाठी आणखी चार.

२२ मार्च, संध्याकाळ
चाचणी झाली. काटा सत्तरवर होता. मुलीने काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चाळीस गोळ्यांपर्यंत ती दुसरी होती. एक्केचाळिसावी खाली गेली. बेचाळिसावी कागदापर्यंत पोचलीच नाही. दुसऱ्यांचे सिलिंडर तिच्या बंदुकीला बसेनात. तिने बंदूक टेबलावर ठेवली आणि हातमोजा सावकाश काढला.
सरांनी सिलिंडर फिरवला. फुस्स. बघा, हीच ती गळती, मी म्हणालो.
"काका, ही बंदुकीच्या आतल्या कप्प्यातली हवा. सिलिंडर काढला की दर वेळी एवढी जातेच, आणि परत लावला की सिलिंडरमधून तेवढी पुन्हा भरते. किती वेळा काढलात?"
दोन-तीनदा, मी सांगितलं.
"बत्तीसदा," ही मागून म्हणाली.
ही मोजत होती, हे मला कधी कळलंच नाही.

२३ मार्च
पुढची चाचणी सहा महिन्यांनी. मुलगी सकाळच्या गाडीने परत गेली. बंदूक तिच्या आईकडे, कपाटाची किल्लीही आईकडे. जाताना पाया पडली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही आता फक्त जप करा."
तसंच ठरवलं आहे. मन आता खरोखर शांत आहे.
दुपारी कपाटाचं कुलूप एकदाच ओढून पाहिलं. थोडं ढिलं वाटतंय.