बारवेचं पाणी

वैशाख शुद्ध २, शके १८४६

बायकोच्या, भिवराच्या घोट्याला फोड. नारूच. मधली कैक वर्षं गावात नारू जवळजवळ नव्हताच, यंदा मात्र घरोघर. "आग व्हतीय, मला बारवंत न्या," म्हणाली. नेलं. देवळाच्या बारवेत पाय बुडवताच निवली. आम्ही गुरव, दुखऱ्या पायांना पायरी दाखवणं हे आमचंच काम.

शुद्ध ५

बीडहून सरकारी डाक्टर आलाय. तांब्यातलं पाणी उजेडात धरून विचारतो, "गुरवबुवा, हे पिता?" म्हटलं, "पितो, आन् तीर्थ म्हनून देतोबी." हसला नाही.

शुद्ध ६

आज त्याच्या पितळी नळीतून पाहिलं. एका थेंबात वस्ती! काचेसारखे किडे, टुणटुण उड्या मारणारे. एकाच्या पोटात बारीक दोरा वळवळत होता. "ती नारूची पिल्लं," डाक्टर म्हणाला. "फोड पान्यात बुडला की हजारोंनी सुटतात. हे किडे त्यांना गिळतात, तुमी किड्यांसकट पानी पिता."

पुन्हा डोळा लावला. मग पुन्हा. चाळीस वर्षं या पाण्याला हात जोडतोय, पण ते आज पहिल्यांदा पाहिलं. भीती वाटली. त्याहून नवल वाटलं. जेवण सुचलं नाही.

शुद्ध ७

चावडीवर तंटा. डाक्टर म्हणतो, पाय घरी बादलीत बुडवा, ते पाणी लांब ओता. सुंदरराव पाटील कडाडले, "बाप-आजे बुडवत आले, आन् आता कावून न्हाई? गुरव सांगंल तसं करू." साऱ्या माना माझ्याकडं. उद्या सांगतो म्हणालो. देवाच्या पाण्याला नाव ठेवायचं कोणत्या तोंडानं?

शुद्ध ८

भिवराच्या लुगड्याचा पदर दुहेरी करून पाणी गाळलं. त्यातला थेंब नळीखाली धरला. रिकामा! एकही किडा नाही. एवढ्या मोठ्या दुखण्याला एवढंसं फडकं! डोळ्यांत पाणी आलं.

चावडीवर जाऊन सांगितलं, बारवेत पाय बंद.

शुद्ध ९

पायऱ्यांवर बाभळीच्या फांद्या टाकल्या. रहाट बसेपर्यंत पाणी वरूनच पोहऱ्यानं ओढायचं. शेजारची छबुबाई म्हणाली, "गुरव बाटला." बाटलो तर बाटलो.

शुद्ध ११

भिवराच्या फोडातून नारू डोकावला, पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत. काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायचा. ती ओठ चावून बसते, मला बघवत नाही. डाक्टर निघताना म्हणाला, "हा गेल्या वैशाखात प्यालेल्या पान्याचा. बाहेर यायला वर्ष लागतं." वर्षभर अंगात, आणि पत्ता नाही!

शुद्ध १२

झोप नाही. गेल्या वैशाखात गावात नारू एकट्या मला होता, परगावच्या पाण्याचा. एकवीस दिवस मी बारवेत पाय सोडून बसलो होतो.