डचेसचं पाणी

टिंडारा बोअर, क्वीन्सलंड
रविवार, जेवणं उरकल्यावर

चिरंजीव ग्लेन यास थोरल्या बहिणीचे आशीर्वाद.

तुझी पाठ, तुझा दमा आणि तुझी शेरिलीन, तिघांचंही बरं चाललं असेल अशी आशा आहे. (शेरिलीनची सापांची भीती ओसरली का, की अजून तीच तुमचं घर चालवते?) इकडे सर्व क्षेम. पाऊस नाही, छपराखालची टाकी टिचकी मारली तर घंटेसारखी वाजते, आणि डचेस उत्तम आहे. तिची खबर आधी दिली म्हणजे तू पुढचं वाचशील, म्हणून हा क्रम.

ॲडलेडला जाताना तू तुझी ही अजगरीण 'थोडे दिवस' आईकडे ठेवून गेलास, त्याला आता दुसरा उन्हाळा लागला. तक्रार नाही. याआधी तू आमच्याकडे एक कुत्रा, एक मोडकी मोटारसायकल आणि एक बायको ठेवून गेला होतास. (बायको तेवढी शहाणी, आपण होऊन गेली.) पण डचेसच्या मागोमाग तू पाणी शुद्ध करायचं यंत्र पाठवलंस आणि फोनवर बजावलंस की बोअरच्या पाण्यात नाही नाही ते क्षार असतात, तिच्या किडनीला बाधतील. तू हे सांगत होतास तेव्हा माझ्यामागे आई त्याच बोअरच्या पाण्याचा चहा पीत बसली होती. त्याच आठवड्यात विमानातून येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं होतं, "बेरिल, तुमच्या किडन्या थकल्यात. हे पाणी आता बंद." मी तुला ते लगेच कळवलं होतं. उत्तरादाखल तू एक उभा अंगठा पाठवला होतास.

यंत्र गावातल्या पंपवाल्या मर्व्हने बसवलं. ते भांडंभर पाणी गाळायला अर्धा दिवस घेतं आणि त्याच्या तिप्पट मोरीत सोडतं, तेही अशा गावात जिथे लोक भाज्या धुतलेलं पाणी लिंबाच्या झाडाला घालतात. मर्व्ह पाना पुसत म्हणाला, "नोएलीन, हिचे रानातले भाऊबंद गुरांच्या हौदातलं शेवाळ बाजूला सारून पितात गं. एकही आजारी पडलेला मी पाहिला नाही." मग ही गोष्ट त्याने पबमध्ये नेली, आणि तेव्हापासून मी दारात पाऊल टाकलं की कोणीतरी विचारतंच, राणीसाहेबांना पाण्यात बर्फ लागतो का, की लिंबाची फोड पुरे. आणि राणीसाहेब काय करतात? त्या निर्मळ पाण्यात आधी वेटोळं घालून बसतात, मग त्यातच हगतात, आणि उरलेलं पितात.

आता तू म्हणशील, मग आईनेही तेच पाणी प्यावं, यंत्र काय डचेसच्या नावावर आहे? मीही तेच म्हटलं. आई म्हणाली, "ते त्याने तिच्यासाठी पाठवलंय. मी कशी घेऊ?" बाटल्या आणते म्हटलं तर पाणी विकत घेणं तिला वारा विकत घेतल्यासारखं वाटतं. शेवटी मी तिला न सांगता यंत्राचं पाणी किटलीत ओतायला लागले आणि डचेसच्या भांड्यात नळाला येणारं बोअरचं, सडक्या अंड्यांच्या वासाचं. मनात म्हटलं, जिंकले. डचेस कात टाकून चकचकीत झाली. आईचा रक्ताचा रिपोर्ट मात्र आधीपेक्षा वाईट आला, आणि डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मीच तिला विष पाजतेय.

कारण गेल्या मंगळवारी उजाडताना कळलं. आई नाइटगाऊनमध्ये, गुडघे धरत डचेसच्या काचपेटीपुढे बसली होती. डचेसचं भांडं तिने बादलीत रिकामं केलं, किटलीतलं पाणी त्या भांड्यात ओतलं, आणि किटली नळाखाली धरली. मी ओतलेला थेंबन् थेंब रोज त्या अजगरिणीच्या पोटात जात होता. (तू पाठवलेल्या या यंत्राने आजवर या घरातल्या एकाही माणसाची तहान भागवलेली नाही.)

मी आवाज चढवला. म्हटलं, "आई, तो साप आहे गं."

"ठाऊक आहे मला साप आहे ते," ती म्हणाली. "हिच्या पाण्याला वास आला, किटलीतल्याला नाही. म्हटलं, कुठलं पाणी कुणाचं ते नोएलीनच्या ध्यानात राहत नाही."

"आणि तुझं काय?"

तिने झाकण लावलं, कडी दोनदा तपासली. "ग्लेन तिला न्यायला येणार आहे. आल्यावर ती नीट दिसायला नको?" मग चहा ठेवता ठेवता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला बघायला तो कशाला येतोय. तिच्यासाठी येईल."

ग्लेन, तेव्हा या पत्राचं कारण एकच. निमूटपणे गाडीत बस, ये, आणि तुझी डचेस घेऊन जा. शेरिलीन किंचाळली तर किंचाळू दे.

तुझी,
नोएलीन

ता. क. — येणं जमणार नसेल (जमणार नाहीच), तर एक कर. आईला फोन करून सांग की सापांच्या जाणकारांनी मत बदललंय, डचेसला यापुढे बोअरचंच पाणी द्यायचं आणि यंत्राचं पाणी तिला चुकूनही चालणार नाही; मग ते वाया जाऊ नये म्हणून तरी आई पिईल. माझं ती ऐकत नाही, डॉक्टरांचं ऐकत नाही, तुझं ऐकेल. आजवर तू तिच्याशी इतकं खोटं बोललास, त्यात एक उपयोगाचं बोल.

ता. क. २ — वर 'ये' लिहिलंय ते रागात लिहिलंय. येऊ नकोस. तू येशील, चहा निवायच्या आत साप गाडीत घालशील आणि जाशील. मग दुसऱ्या दिवशी सकाळी आई कशासाठी उठेल? फक्त दर रविवारी फोन करून सांगत राहा, की येतो.